धोका, इशारा, जपून, सूचना

फ्रेंचबाई चोवीस वर्षं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करत होत्या, पण फ्रेंच बोलणारा माणूस त्यांना आयुष्यात एकदाच भेटला. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी पाहुणे आले होते, त्यांतल्या एकाने जिन्यात बाईंना गाठून स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं. प्रश्न बाईंना अक्षरन् अक्षर कळला. उत्तरही मनात तयार झालं, क्रियापद अगदी जागच्या जागी. आणि तोंडातून निघालं काय, तर इंग्रजी! पाहुणा हसून 'थँक यू' म्हणाला आणि गेला. खाली निघालेल्या बाई तशाच मागे फिरल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. ही फजिती त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली. तो माणूस म्हणजे ऑफिसातले प्रूफकाका.

ऑफिस टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर खिडकीची काच थरथरायची. यंत्रं बाहेरदेशी पाठवणाऱ्या कंपन्या आपली माहितीपुस्तकं या ऑफिसात भाषांतराला देत. पाण्याचे पंप, बेकरीतल्या भट्ट्या, लिफ्ट, दवाखान्यातल्या खाटा. बाईंनी कथा-कविता कधी भाषांतरित केली नाही, पण पंपाचा वॉशर कसा बदलावा हे त्या दोन्ही भाषांत झोपेतही सांगू शकल्या असत्या.

या पुस्तकांत चार शब्द पानोपानी यायचे. डेंजर, वॉर्निंग, कॉशन आणि नोटिस. वरवर पाहणाऱ्याला चारही सारखेच, पण कारखान्यांच्या जगात त्यांची उतरंड ठरलेली असते. डेंजर लाल रंगात, म्हणजे चुकलात तर जीव गेलाच. वॉर्निंग नारिंगी, म्हणजे जाऊ शकतो. कॉशन पिवळा, म्हणजे बोट चिमटेल, कातडं भाजेल. आणि नोटिस निळा, म्हणजे माणसाला काही नाही, यंत्र बिघडेल. धोका, इशारा, जपून, सूचना. फ्रेंचमध्येही चार वेगळे शब्द लागतात, आणि गंमत अशी की इंग्रजी आणि फ्रेंच शब्द एकमेकांचे भाऊबंद. दिसतात सारखे, पण भाऊबंदांवर विसंबला तो बुडाला. नोटिस हा शब्द जसाच्या तसा फ्रेंचमध्ये आहे, पण तिथे त्याचा अर्थ होतो हातातलं माहितीपुस्तकच. म्हणून बाई तिथे 'आव्ही' लिहीत, कॉशनला 'आताँसियाँ', वॉर्निंगला 'आव्हेर्तिसमाँ'. डेंजर तेवढा दोन्ही घरी सारखा वागतो. "संकटात सगळे नातेवाईक एक होतात म्हणतात, ते हेच," प्रूफकाका एकदा म्हणाले होते. बाई त्यावर दोन दिवस हसल्या.

काका तसे कमी बोलत. त्यांचं आणि बाईंचं काम असं, की रोज दुपारी तीन वाजता सामानाच्या खोलीशेजारच्या छोट्या खोलीत समोरासमोर बसायचं. काकांच्या हातात इंग्रजी मजकूर, बाईंच्या हातात फ्रेंच. काका एक परिच्छेद मोठ्याने वाचत, स्वल्पविराम, कंस, आकडा सगळं तोंडाने म्हणत. मग बाई तोच परिच्छेद फ्रेंचमध्ये वाचत. काकांना फ्रेंच येत नव्हतं, पण ऐकून ऐकून त्यांचा कान असा तयार झाला की एखादा शब्द गळला तर ते पेन्सिल उचलत. पाच वाजता दोघं शेवटच्या पानावर सही करत. एक सही बाईंची, एक काकांची. असं अठरा वर्षं चाललं.

बाई त्यांना कधी काका म्हणाल्या नाहीत. दहा-बारा वर्षांनी मोठ्या माणसाला काका म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना, आणि नाव घेणं शोभेना. म्हणून त्या नुसतं "अहो" म्हणत. "अहो, पुढचं वाचा." "अहो, तो आकडा पुन्हा सांगा." टायपिंगच्या मुली खोलीबाहेर तोंडाला रुमाल लावून हसत, कारण 'अहो' कोण कुणाला म्हणतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बाईंच्या कानावर हे आलं, तेव्हा त्यांचे कान लाल झाले. पण दुसरी हाक काही त्यांना सापडली नाही. काका त्यांना "बाई" म्हणत. यापलीकडे दोघांत काही नव्हतं. काकांना बायको आहे, एक मुलगा आहे, एवढं बाईंना माहीत होतं. बाई एकट्या राहतात, आई गेल्यापासून दोन खोल्यांत, एवढं काकांना माहीत होतं.

काका निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मालकांनी भाषण केलं. ते संपल्यावर काका म्हणाले, "भट्टीचं पुस्तक अर्धं राहिलंय," आणि दोघं खोलीत जाऊन बसले. पाच वाजता त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. "बाई, पान एकोणपन्नासवर एक स्वल्पविराम राहिलाय." बाई म्हणाल्या, "बघते." झालं. एवढाच निरोप.

त्यांचा फोन नंबर आपल्याकडे नाही, हे बाईंच्या आठवडाभराने लक्षात आलं. रोज तीन वाजता समोर येऊन बसणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेऊन ठेवतं? मागायचा तर ऑफिसात कुणाकडे तरी मागावा लागणार, आणि त्या मुलींचे रुमाल बाईंना आठवत होते.

पुढची दोन वर्षं बाईंनी दोन्ही मजकूर एकट्याने वाचले. आधी इंग्रजी, मग फ्रेंच, समोर रिकामी खुर्ची. दुसरी सही आता मालकांचे जावई करायचे. ऑफिस त्यांच्याच हाती आलं होतं आणि पाठीमागे सगळे त्यांना जावईबापू म्हणत. जावईबापू वाईट नव्हते, पण न वाचता सही करत.

घरी बोलायला कुणी नव्हतं. रविवारी धाकट्या भावाचा फोन यायचा.

"ताई, जेवलीस का?"

"जेवले."

"बरी आहेस ना? तुझं ते बोंजूर काय म्हणतंय?"

"ठीक चाललंय."

"हे बघ, ही बोलतेय." मग भावजय हवापाण्याचं विचारायची, मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि फोन संपायचा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सोमवार सकाळपर्यंत बाई एवढंच काय ते बोलायच्या. सोमवारी बसमध्ये कंडक्टरला थांब्याचं नाव सांगताना त्यांचा आवाज घोगरा निघायचा आणि घसा खाकरून पुन्हा सांगावं लागायचं.

मग ऑफिसात भाषांतराचं सॉफ्टवेअर आलं. इंग्रजी फाइल घातली की चहा निवायच्या आत फ्रेंच फाइल तयार. बाईंनी आता नुसती नजर फिरवायची असं ठरलं. पहिली काही पुस्तकं धड होती, बाईंनाही वाटलं, आपण उगाच धास्तावलो. पण मग झोळीच्या यंत्राचं पुस्तक आलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कापडी झोळीत घालून उचलायचं आणि खुर्चीत बसवायचं, असं ते यंत्र होतं. चौसष्ट पानं. बाईंनी पहिल्या दहा पानांतच पेन खाली ठेवलं. सॉफ्टवेअरने वॉर्निंग आणि कॉशन दोन्हींना आताँसियाँ करून टाकलं होतं. झोळीचा पट्टा आकड्यात नीट अडकवला नाही तर माणूस डोक्यावर पडेल, तिथे आताँसियाँ. चाकात बोट घालू नका, चिमटेल, तिथेही आताँसियाँ. आणि नोटिसचं तसंच नोटिस ठेवलेलं.

बाईंनी पानं दुरुस्त करायला घेतली आणि जावईबापूंनी ती पाहिली.

"बाई, हे आव्हेर्तिसमाँ काय आहे? माहितीपुस्तकात जाहिरात कशाला घातलीत?"

"जाहिरात नाही साहेब. इशारा."

"अॅडव्हर्टाइजमेंट म्हणजे जाहिरातच ना? शब्द तर तोच दिसतोय."

"एकाच घरातल्या बहिणी आहेत त्या," बाई म्हणाल्या. "एक इंग्रजीच्या घरी दिली, ती तिथे दुकानाच्या पाट्या रंगवायला लागली. दुसरी माहेरीच राहिली. ती अजून लोकांना सावध करते."

जावईबापूंना हसू आलं, पण घड्याळाकडे बघत ते म्हणाले, "सगळं मान्य. पण वाचतं कोण हे?"

"ज्याच्या हातात पट्टा असतो, तो वाचतो."

हे वाक्य बाईंच्या तोंडून जरा जोरात निघालं. टायपिंग थांबलं. जावईबापूंनी कपाळ चोळलं. "ठीक आहे. सोमवारी सकाळी मला छपाईला द्यायचंय. तोवर काय दुरुस्त करायचं ते करा. घेऊन या, मी सही करतो."

पण तशी सही बाईंना नको होती. चौसष्ट पानांत आपण एकटीने दोनशे जागी शब्द बदलणार, तर ते कुणीतरी समोर बसून ऐकायला हवं. असं ऐकणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. त्यांनी नव्या क्लार्ककडून जुन्या हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं आणि मागच्या पानावरचा काकांचा पत्ता चिठ्ठीवर उतरवला. मुलींकडे या वेळी त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी दोन बस बदलून बाई तिथे पोचल्या. चार मजल्यांची इमारत, जिन्यात सायकली, दुसऱ्या मजल्यावर उजवीकडचं दार. बाईंनी पाऊस नसतानाही पाय पुसले, बेल वाजवली आणि काय म्हणायचं ते मनात जुळवलं. दार ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या काकूंनी उघडलं.

"मी ऑफिसातून आलेय. आहेत का... ते?"

काकूंनी त्यांना निरखून पाहिलं. "त्यांना जाऊन चार महिने झाले."

बाईंना पहिल्यांदा वाटलं, गावाला गेलेत. मग चेहऱ्याकडे पाहून कळलं.

"आम्ही ऑफिसात फोन केला होता," काकू म्हणाल्या. "कुणीतरी उचलला. म्हणाले, सगळ्यांना सांगतो. म्हटलं, कुणी आलं नाही म्हणजे कामात असतील."

बाईंनी पिशवी छातीशी धरली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. दुःख झालं, वाईट झालं, असं माणसं बोलतात. त्या म्हणाल्या, "मला कागद वाचून घ्यायचे होते."

आपण हे काय बोललो, असं होऊन बाई जायला वळल्या. पण काकूंनी दार पूर्ण उघडलं. "आत या. उन्हातून आलात, पाणी तरी घ्या."

खोली नीटनेटकी होती. ऑफिसने दिलेलं घड्याळ कपाटावर उभं ठेवलेलं, भिंतीवर खिळा मारायचा राहून गेलेला. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर छापलेल्या एका शब्दाची वेलांटी चुकलेली होती, तिच्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. बाईंची नजर तिथे थांबली तशा काकू म्हणाल्या, "दुधाच्या पिशवीवरसुद्धा करायचे. फेकताना मला वाईट वाटायचं." पाणी देऊन त्या समोर बसल्या. "मी आयुष्यभर त्यांना अहो म्हणत आले. तुम्ही ऑफिसात काय म्हणायचात?"

"प्रूफकाका," बाई म्हणाल्या. "सगळे तेच म्हणायचे."

चोवीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून चुकीचं सांगितलेलं हे एकच.

काकूंनी मान हलवली. मग रिकामा पेला बाजूला ठेवत म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. आव्हेर्तिसमाँ म्हणजे कोण?"

"काय?"

"शेवटचे तीन दिवस दवाखान्यात होते. शुद्ध येत-जात होती. शुद्धीवर आले की तेच. आव्हेर्तिसमाँ, आव्हेर्तिसमाँ. मुलगा म्हणाला, बाबा कुणाला तरी बोलावतायत. सुनेने मला बाजूला घेऊन विचारलं, 'आई, अशा नावाच्या कुणी बाई आहेत का ओळखीच्या?' मी काय सांगणार! चार महिने झाले, मी रोज विचार करतेय. आत्ता दारात तुम्हाला बघितलं आणि वाटलं, ह्याच त्या."

बाईंचे कान लाल झाले. "ते नाव नाही हो. तो शब्द आहे. म्हणजे इशारा. यंत्रावर लिहितात तो."

"इशारा? कसला इशारा?"

"खाटेच्या कठड्यावर नारिंगी पट्टी असते, दोन-तीन भाषांत लिहिलेली. कठडा वर न करता पेशंटला सोडून जाऊ नका, असं. ते तीच वाचत असतील."

काकू सरळ बसल्या. "ते बोट दाखवत होते कठड्याकडे! आम्हाला वाटलं, खाली करा म्हणतायत. आम्ही खाली करायचो. मग अजून मोठ्याने म्हणायचे." त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते आवरेना, आणि हसता हसताच डोळे भरून वाहायला लागले. अंगावर गाऊन, त्याला पदर नाही, रुमालही हाताशी नव्हता, त्यांनी उशीचा अभ्रा घेतला. "प्रूफ तपासत होते हो. मरता मरता आमचं प्रूफ तपासत होते."

दवाखान्याच्या खाटांची पुस्तकं आणि पट्ट्या बाईंनी बऱ्याच केल्या होत्या. ती पट्टी कुणी केलेली होती कोण जाणे. बाईंनी तो विषय काढला नाही.

थोड्या वेळाने काकूंनीच विचारलं, "ते कागद कसले?" बाईंनी पद्धत सांगितली. काकू म्हणाल्या, "मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. इंग्रजी वाचता येतं मला. आकडे तर कुणी माझ्यासारखे सांगणार नाही." आणि त्यांनी हात पुढे केला.

काकूंचं वाचन काकांसारखं नव्हतं. त्या प्रत्येक अंक तोडून सांगत, जणू पलीकडच्या माणसाला ऐकू कमी येतंय. पाठीचा कणा ताठ, नजर कागदावर. शनिवारी तीस पानं झाली. रविवारी बाई सकाळीच आल्या. भावाचा फोन वाजला तेव्हा त्यांनी "मी कामात आहे, उद्या बोलू," म्हणून ठेवून दिला, आणि पलीकडे भाऊ चकित होऊन फोनकडे बघत राहिला असणार.

पान एक्केचाळीसवर काकू थांबल्या. "माझ्याकडे पाच वाक्यं होती. तुमची चारच झाली."

"फ्रेंच नाही ना येत तुम्हाला?"

"फ्रेंच नाही येत. पण माणूस दम कुठे घेतो ते कळतं मला. तुम्ही चार वेळा घेतलात."

बाईंनी परिच्छेद पुन्हा पाहिला. खरंच एक वाक्य सॉफ्टवेअरने गाळलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या नजरेतूनही सुटलं होतं. झोळीत असताना रुग्णाला एकटं सोडू नये. बाईंनी ते समासात हाताने लिहिलं आणि वर नारिंगी पेन्सिलीने इशाऱ्याचा शब्द घातला.

शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. बाईंनी एकात सही केली आणि कागद पुढे सरकवला. काकू म्हणाल्या, "मी कोण सही करणार?" बाई म्हणाल्या, "वाचलं त्याने सही करायची असते." काकूंनी चष्मा पुसला आणि गोल, टपोऱ्या अक्षरात सही केली.

सोमवारी जावईबापूंनी ती पाहिली. "हे आडनाव... प्रूफकाका परत यायला लागले का? बरं झालं की."

"ते वारले साहेब. चार महिने झाले. इथे फोन आला होता."

जावईबापूंच्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं की फोन कुणी उचलला होता. कागद व्यवस्थित एकावर एक लावून त्यांनी छपाईला पाठवले, एकही शब्द न बदलता. दुपारी त्यांनी काकूंना फोन केला असं पुढे बाईंना समजलं.

पुस्तक छापलं गेलं. कुणाचं पत्र आलं नाही, तक्रारही आली नाही. असल्या पुस्तकांना हीच शाबासकी. वर्षभराने ऑफिसातलं फ्रेंचचं टेबल बंद झालं, आणि अडलंनडलं काम जावईबापू बाईंच्या घरी पाठवायला लागले. बाई काही शनिवार काकूंकडे जात राहिल्या. चहा व्हायचा, बिस्किटं व्हायची. पण वाचायला कागद नसले की दोघींना बोलायला फारसं सुचायचं नाही. ज्याच्याबद्दल बोलावं त्याच्याबद्दल एकीला सांगायचं होतं तेवढं सांगून झालं होतं, आणि दुसरीला सांगता येत नव्हतं. पुढे मुलगा काकूंना आपल्या शहरात घेऊन गेला. निघताना काकूंनी बाईंचा हात बराच वेळ धरून ठेवला.

आता बाई घरीच वाचतात. टेबल खिडकीशी ओढून घेतलंय, इंग्रजी डावीकडे, फ्रेंच उजवीकडे. तीन वाजले की सुरू करतात, कारण त्याआधी वाचलं तर लक्ष लागत नाही. परवा शेजारीण दारात आली.

"पाहुणे आलेत का तुमच्याकडे? रोज दुपारी बोलणं ऐकू येतं."

"नाही, कामाचं वाचत असते. त्रास होतो का? हळू वाचेन."

"छे छे, उलट! आमच्या सासूबाईंची खाट त्याच भिंतीला आहे. तुम्ही सुरू केलंत की त्यांना छान झोप लागते. काल तुम्ही वाचलं नाहीत, तर दुपारभर माझं डोकं खाल्लं त्यांनी."

काल काम आलंच नव्हतं, हे बाईंनी सांगितलं नाही. "उद्यापासून वाचेन," त्या म्हणाल्या, दार लावलं, आणि कपाटातून पंपाचं एक जुनं पुस्तक शोधायला लागल्या.